बारावं पीस

आमचे अप्पा, म्हणजे बाळकृष्णराव, बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झाले, पण ही झाली पोटापाण्याची गोष्ट. मनाने ते सेम्परुंदूचे. सेम्परुंदु म्हणजे तमिळमध्ये तांबूस घार. त्या नावाचा, पाठीला धातूचे पंख असलेला एक वीर त्यांच्या लहानपणी चित्रकथांच्या पुस्तकांतून दर महिन्याला जग वाचवायचा. अप्पांना तो पहिल्यांदा भेटला तंजावरजवळच्या पापनाशमच्या स्टेशनवर, चाळिसाव्या अंकात. आज त्रेसष्टाव्या वर्षीही त्याच्याबद्दल कोणी वावगं बोललं की त्यांचे कान लाल होतात. माझं लग्न ठरलं तेव्हा जावयाबद्दल त्यांनी एकच शेरा मारला होता, "मुलगा बरा आहे, वाचीत मात्र कांही नाही."

अशाच चाळीसेक वेड्यांचा मोबाईलवर एक गट आहे आणि त्यात अप्पांचा शब्द शेवटचा. नवा पुतळा आला की आधी अप्पा तपासणार, गुण देणार, मग बाकीचे श्वास सोडणार. कोइंबतूरच्या एका डॉक्टरांच्या पुतळ्याला त्यांनी हनुवटीपायी दहापैकी चार दिले होते. डॉक्टर आठवडाभर गटात बोलले नाहीत.

यंदा चेन्नईच्या एका लहानशा कंपनीने सेम्परुंदूचा फूटभर उंचीचा पुतळा काढला. फक्त तीनशे नग. अकरा महिने वाट पाहिल्यावर नवरात्राच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, आमचा एकशेबारावा नग घरी आला. नवरात्राची सुट्टी म्हणून मी माहेरी होते.

अप्पांनी हात धुतले. टेबलावर धुवट पंचा अंथरला. भिंग, पोलादी पट्टी, विजेरी मांडली. मी बाजूला कॉलेजचे पेपर तपासत होते, पण माझ्यापेक्षा कडक परीक्षक समोर बसला होता. सांधे कुठे दिसतात, लाल रंग सोनेरीवर उतरलाय का, डोळ्यांची बुबुळं एका रेषेत आहेत का, सगळं झालं. मग आमच्या तंजावरी बाहुल्यांना देतात तशी बोटाने हलकी टिचकी देऊन तो डगमगतो का तेही पाहिलं. चेहरा खुलत चालला होता. शेवटी त्यांनी पंखांची पिसं मोजली आणि भिंग खाली ठेवलं.

"बारा आहेत."

"मग?"

"अकरा पाहिजेत, शांभवी! उजव्या पंखास पांचच पाहिजेत. चाळिसाव्या अंकांत पुरांत नाव बुडत होती, तेव्हां भोक बुजवायास त्याने आपलं पीस उपटून दिलं. परत उगवलं नाही तें. ज्यास हें ठाऊक नाही, त्याने पुतळा कां करावा?"

मला हसू येत होतं, पण त्यांचे कान लाल झाले होते म्हणून मी पेपरात डोकं घातलं. कंपनीचा नियम सरळ होता. सात दिवसांत परत केला तर घेणार, पण दुसरा मिळणार नाही, कारण तीनशेही आधीच गेलेले. म्हणजे एक तर चुकीचा सेम्परुंदु घरात ठेवायचा, नाहीतर जन्मभर त्याच्याविना राहायचं. दुसऱ्या कोणीही ते एक जादा पीस चालवून घेतलं असतं. अप्पांनी स्कूटर काढली आणि कुरिअरची वेळ विचारायला गेले.

इकडे माझी आई, भामा, पुढच्या खोलीत कोलू मांडत होती. नवरात्रात नऊ पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या आणि दर वर्षी त्यांत एक तरी नवी भर घालायची, ही आमच्याकडची, तंजावरच्या मराठी घरांतली रीत. यंदाची नवी बाहुली आणायची राहून गेली होती. पाणी प्यायला ती आत आली, टेबलावरचा पुतळा तिला दिसला. मी न्हाणीघरात होते. बाहेर येते तो सेम्परुंदु सातव्या पायरीवर, विठोबा आणि मान डोलवणाऱ्या बाहुलीच्या मध्ये, कपाळाला कुंकू लावून उभा. आरतीचं तबक आईच्या हातात.

अप्पा आले आणि दारातच थबकले.

"भामा, तो परत धाडायचा आहे!"

"ऐयो! आरती झाली की." आईचा चेहरा उतरला. "आतां दसऱ्यापर्यंत कसं हलवायचं?"

कोलूतली बाहुली मध्येच उतरवत नाहीत. दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली निजवायची, मगच बाकीच्या हलतात. अप्पांना हे ठाऊक होतं, म्हणून ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे पाच दिवस ते सुंडलची, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांच्या प्रसादाची वाटी घेऊन पुतळ्याकडे पाठ करून बसत. गटावर सगळे विचारत होते आणि ते उत्तर देत नव्हते.

सहाव्या दिवशी दुपारी आईच विरघळली. "उद्यां सकाळीं अक्षता टाकून त्यास उतरवतें. देवीस मी सांगतें. तुम्ही असं तोंड करून बसूं नका."

हे आईला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. अप्पा नुसते "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन खोक्याचा कागद सारखा करू लागले.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या भुवनामामी हळदीकुंकवाला आल्या, बरोबर त्यांची नात नंदिता. पोरगी थेट सेम्परुंदूपाशी.

"पाटी, हा कोण?" तिने आईला विचारलं. पाटी म्हणजे आजी.

आई तिच्याजवळ बसली आणि सांगू लागली. पूर, नाव, नावेतली माणसं, भोक, उपटलेलं पीस. एक तपशील चुकला नाही. नावाड्याचं नावसुद्धा तिने सांगितलं. आतल्या खोलीतला कागदाचा आवाज थांबला.

नंदिताने बोट लावून पिसं मोजली. "पण बारा आहेत!"

"हो तर. हा नाव बुडायच्या आधीचा आहे. पीस द्यायचं राहिलंय अजून."

अप्पा भिंग घेऊनच बाहेर आले. भुवनामामी ताटकळल्या आहेत, कोलूसमोर चप्पल चालत नाही, कशाचं भान नाही. मीच अप्पांच्या पायांतल्या चपला ओढून काढल्या. त्यांनी पुतळ्याचा कमरपट्टा पाहिला, मग डावी नडगी पाहिली.

"पट्टा जुना आहे," ते हळूच म्हणाले. "नडगीवर व्रण नाही. हा तिसाव्या अंकाच्या आधीचा. मी नुसतीं पिसंच मोजीत बसलों."

"तुम्हांस तो भेटलाच पीस गेल्यावर," आई म्हणाली. "पुरा कधीं बघितलाच नाही तुम्ही."

"तुला कसं ठाऊक? तूं तर एक पुस्तक उघडलं नाहीस."

"चौतीस वर्षं मी भाजी चिरतें, तुम्ही वाचतां. कान आहेत मला."

अप्पा मोबाईल घेऊन बसले. गटावर त्यांनी लिहिलं ते मी वाचलंय: पुतळ्यास दहापैकी नऊ, परीक्षकास शून्य, चूक दाखवणाऱ्या सौ. भामा. कोइंबतूरच्या डॉक्टरांनी त्यावर एकामागून एक अकरा टाळ्या पाठवल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी निजवायला आईने सेम्परुंदूलाच उचललं. आडवा करताना उजवा पंख खाली येऊ लागला तसे अप्पा पुढे झाले, पण आईने आधीच त्याखाली तळहात धरला होता.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तें पीस जपायास पाहिजे. पुढें नाव बुडायची आहे."