बिनकेळ्याचा शिरा

मुलुंडच्या एका शाळेत मी पाचवीला गणित शिकवायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. फळ्यावर लिहिता लिहिता छाती धडधडायला लागायची, तळहात ओले व्हायचे आणि खडू सुटून पडायचा. घाटकोपरच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासून घेतली. त्यातल्या एका रसायनाचा आकडा थोडा जास्त आला.

"दोन शक्यता आहेत," ते म्हणाले. "मूत्रपिंडाच्या वर एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ असेल, नाहीतर तुम्ही काळजी करकरून तेच रसायन अंगात ओतताय. रोज सकाळी बसा आणि श्वास येतो-जातो तेवढं बघा. महिन्याने पुन्हा तपासू. खाली आलं नाही तर ऑपरेशनचं बघावं लागेल."

म्हणजे शांत झाले तर सुटले, नाहीतर पोट फाडणार. असं बजावल्यावर कोण शांत होईल? मी सकाळी गॅलरीत चटईवर बसायची. श्वासाकडे बघावं तर तोच बिचकायचा. माझं काही झालं तर पोरीच्या वेण्या कोण घालणार, नवरा तर साधा चहाही उतू घालवतो, असं काय काय डोक्यात यायचं. हळूहळू मात्र अधूनमधून नुसता श्वास उरायला लागला, नाकपुडीशी गार लागणारा. जमलं की काय, असं मनात आलं की लगेच बिघडायचं.

तपासणी जवळ आली तशी डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. चहा, कॉफी बंद. केळं तर अजिबात नाही, त्याने आकडा चढतो. नेमकं तेव्हाच सासूबाईंनी तपासणीच्या आदल्या दिवशी सत्यनारायण ठरवला. त्या मालवणकडच्या. रिपोर्ट चांगला यावा म्हणूनच पूजा.

"आई, पूजा रिपोर्ट आल्यावर घालूया ना. प्रसादात केळं असतं, मला चालत नाही."

"परसादाचा केळा म्हणजे काय केळा?" असं म्हणून त्या रवा चाळायला बसल्या.

विषय संपला. प्रसाद नाकारायची माझी छाती नव्हती. पोथीत प्रसाद टाकणाऱ्यांचं काय होतं ते मी लहानपणापासून ऐकलेलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घासभर खा ना यार, काय होतंय?" मला त्याचा भयंकर राग आला. त्या घासभराने आकडा चढला असता तर ऑपरेशन त्याचं होणार नव्हतं.

पूजेला बिल्डिंगमधल्या बायका जमल्या. आरती झाली. सासूबाईंनी स्वतः माझ्या तळहातावर शिरा ठेवला आणि समोरच उभ्या राहिल्या. मी श्वास बघायला गेले. श्वास कसला, नुसती धाप! डोळे मिटले आणि घास तोंडात टाकला.

रवा, साखर, तूप, वेलची. केळं कुठेच लागेना.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "काकी, शिरा झकास झालाय, पण केळ्याचा वास नाही येत."

"विरघळला असात," सासूबाई म्हणाल्या आणि घाईने तीर्थ द्यायला वळल्या. उभ्या जन्मात सोवळ्याओवळ्यात कुणाशी तडजोड न केलेली बाई, देवासमोर खोटं बोलली.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. त्यांनी वर बघितलंच नाही. "घालूक नाय मी," म्हणाल्या. "देवाक सांगलंय, काय तो राग माझ्यावर काढ."

मला रडू आलं. त्यांनी मला भांडी आवरायला लावलं.

रिपोर्ट चांगला आला. गाठबिठ काही नाही, असं डॉक्टर म्हणाले, वर माझ्या बसण्याचं कौतुकही केलं. आकडा श्वासाने उतरला की चहा सोडल्याने, ते मला आजही सांगता येणार नाही. पण फळ्यासमोर खडू हातातून सुटायचा थांबला, एवढं खरं.

सासूबाईंचं मात्र बिनसलं. दूध नासलं तरी त्या देव्हाऱ्याकडे बघायच्या. पोरीला ताप आला तेव्हा तिच्या उशाशी बसून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होत्या. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा पूजा घातली, शिऱ्यात केळीच केळी. तरी भीती गेली नाही. मी समजावलं, नवऱ्याने थट्टा केली, कशाचा उपयोग झाला नाही.

एका सकाळी मी गॅलरीत बसले होते. त्या आल्या आणि माझ्या चटईच्या कडेला टेकल्या.

"माकाय शिकव गो ह्या," म्हणाल्या.

मी म्हटलं, "काही करायचं नाही, आई. डोळे मिटा आणि नुसता श्वास बघा."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने न उघडताच विचारलं, "देव रागवाचो नाय मां?"

मी त्यांचं मनगट हातात घेतलं. त्यांची नाडी इतकी धावत होती, की माझी त्या सबंध महिन्यात कधी धावली नव्हती.