पाठमोऱ्या मास्तरचा प्रश्न

आमच्या मालकाने जुने यंत्रमाग भंगारात काढले, तेव्हा मी फारसा घाबरलो नाही. सुरतेत मागाच्या शेडला खातं म्हणतात, आणि गोडादऱ्यापासून नवागामपर्यंत गल्लोगल्ली खाती आहेत. कसबी माणसाला नाही कोण म्हणणार, असा माझा तोरा होता. तो उतरायला महिनाही लागला नाही.

इथे कामगार दोनच जातीचे. एक चालू, दुसरा बसलेला. चालू माणसाला दुसऱ्या खात्यातून फोडून आणतात, चहा पाजतात. बसलेल्याला दारातूनच वाटेला लावतात. तो का बसला हे कुणी विचारत नाही. बसला म्हणजे त्याच्यातच काही खोट असणार, झालं! मालकाने माग विकले यात माझी काय खोट, हे मी भिंतीला विचारायचो.

म्हणून मी चालू माणसाचं सोंग घेतलं. बायको रोज शेजाऱ्यांना दिसेल असा डबा भरून द्यायची. खात्यांमागे पडलेली धाग्यांची तुसं मी केसांत आणि भुवयांवर चोळायचो. शर्टावर तेलाचे डाग होतेच. पाळी सुटायच्या वेळी एखाद्या दारात उभा राहायचो आणि सांगायचो, पलीकडच्या गल्लीत चालू आहे, पण तिथल्या शेटशी पटत नाही.

पहिल्या खात्यातला मास्तर, म्हणजे कामगार ठेवणारा मुकादम, माझ्याकडे पाठ करून बिडी पेटवत होता. तसाच पुटपुटला, "कितनी मशीन चलाता है?"

"आठ," मी लगेच म्हणालो.

"जा भाई. तू बैठा हुआ है."

त्याने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खात्यात तेच झालं. तिसऱ्यात मास्तर बॉबिनांच्या खोक्यावर वाकलेला होता. त्याने काहीतरी विचारलं, मी एका शब्दात उत्तर दिलं आणि त्याने मान हलवली. तुसं नाही पाहिली, डबा नाही पाहिला, तोंडसुद्धा नाही पाहिलं. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. या लोकांना माझ्यातलं असं काय दिसतंय, जे आरशात मला दिसत नाही?

घरी सांगितलं तर बायकोने मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीवर टाकल्या. त्यांचा तडतडाट मला केवढा तरी मोठा वाटला.

त्याच सुमारास घर बोलायला लागलं. आधी पाली, मग मोरीतलं टपटपणारं पाणी, मग पत्रा उन्हाने कडकडायचा तो. पोरगी झोपेत दात खाते हे मला तेव्हा कळलं. दुपारी भिंतीपलीकडून शेजारीण कुणाला तरी सांगत होती, "घरमाच बठेल शे तो." ती कुजबुजत होती आणि मला वाटलं, माझ्या उशाशी बसून बोलतेय. मी उठून दाराबाहेर पाहिलं, बाहेर कुणी नव्हतं. भीती वाटली. डोकं फिरायला लागलं की असंच होतं, असं ऐकून होतो.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्या खानदेशात अखाजीला लेकी माहेरी जातात, तशी बायकोही दर वर्षी जायची. यंदा तिने पोरीचं दप्तरही बांधलं. ओट्याकडे तोंड करून ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "काम लागनं का फोन करज्यात, आमी येसूत. नही लागनं ते पोरनं नाव तठल्या शाळामा टाकसू."

"पोरीची शाळा नको बदलू," मी म्हणालो.

ती गर्रकन वळली. मला ऐकू गेलं याचंच तिला आश्चर्य वाटलं होतं. लग्नापासून ती अशीच पाठमोरी बोलत आली होती आणि मी कधी उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी बसने गेल्या. मी रिकाम्या खोलीत न थांबता पुन्हा त्या पहिल्या खात्यासमोर जाऊन टपरीवर बसलो. एक ओडिया माणूस काम मागायला आला. मास्तरने पाठ फिरवली, काहीतरी म्हणाला. तो माणूस ढिम्म. मास्तर पुन्हा बोलला, हा रस्त्याकडे बघतोय. मग मास्तरने त्याचा खांदा धरला आणि त्याला आत नेलं.

तेव्हा मला उलगडलं. मागावर बारा तास काढलेल्या माणसाच्या कानांत पाळी सुटल्यावरही खडखड भरलेली असते. समोरच्याचे ओठ वाचून त्याचं भागतं, पण पाठमोऱ्याचे ओठ वाचता येत नाहीत. मी बसलो होतो, माझे कान उघडले होते, आणि मी प्रत्येक मास्तरला झटपट उत्तर देऊन तेच सांगत होतो. ज्याला नीट ऐकू येतं तो नको, असा हा धंदा! संताप संताप झाला. पण संतापाने पोरगी परत येणार नव्हती.

मी कानांत कापूस खोल कोंबला, त्यावर केस ओढले आणि लांबच्या एका खात्यात गेलो. मास्तरने पाठ फिरवली. मी शांत उभा राहिलो. खांद्यावर हात पडला तेव्हा खरोखरच दचकलो. तो हसत होता. "अभी किधर चालू है?" हे मी त्याच्या ओठांवरून वाचलं आणि ओरडून एक खोटं नाव सांगितलं.

"कल से आ जा," त्याचे ओठ म्हणाले.

कापूस दोन पाळ्यांनंतर लागलाच नाही. पाली गेल्या, मोरी गेली, शेजारीण गेली. मी बायकोला फोन लावला, ती काय म्हणाली ते कळलं नाही, मी आपलं "या, या" म्हणत राहिलो.

त्या आल्या त्या संध्याकाळी मी पाळीवरून येऊन मोरीत तोंड धूत होतो. पाठीवर काहीतरी आपटलं. वळलो तर पोरीची चप्पल पायाशी पडलेली, आणि पोरगी उंबऱ्यात उभी. तिचा चेहरा रडून सुजलेला, तोंड उघडं, ओठ एकसारखे जुळत होते आणि सुटत होते. ती पप्पा म्हणत होती. कधीपासून, ते मी बायकोला विचारलं नाही.