सड्यावरच्या राशी

आमचं गाव आणि आईचं माहेर यांच्यामध्ये एक सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं माळरान, आहे. त्यावरून दगडमातीचा एक जुना बांध गेलाय. तीच दोन्ही गावांची शीव. बांधाला लागून जांभ्या दगडांच्या काही गोल राशी आहेत. माहेरी जाताना आणि परतताना आई त्यांतल्या मोठ्या राशीवर एक दगड ठेवायची. लग्न झाल्यावर सासूने तिला तसं सांगितलं होतं. कशासाठी, ते सासूलाही ठाऊक नव्हतं.

वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. धम्म घेतलेल्या घरात असलं काही नको, असं ते तिला दर खेपेला बजावायचे.

"मी कुठं हात जोडते? दगड ठेवते नि पुढं चालते," आई म्हणायची. वडील मग झपाझप पुढे निघायचे.

मध्यंतरी एका कॉलेजातल्या बाई हा सडा बघायला आल्या. वडील तोवर निवृत्त झाले होते. त्यांनीच हौसेने बाईंना सगळा बांध फिरवून दाखवला. मी सुट्टीवर आले होते, म्हणून सोबत गेले. घरी चहा घेताना बाई म्हणाल्या, हा बांध शेतीसाठी घातलेला वाटत नाही, फार जुनी हद्द असावी. आणि राशी म्हणजे बहुतेक थडगी, लिहिणं-वाचणं माहीत नव्हतं त्या काळातल्या माणसांची. खणल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

"म्हणजे खाली माणसं आहेत?" आईने विचारलं.

"असावीत, मावशी."

"एखादं बाईमाणूस असेल?"

"असेलही."

आई कपबश्या उचलून आत गेली.

त्यानंतर मामाकडे जायची वेळ आली, तेव्हा ती पालीवरून एसटीने जाते म्हणाली. तो रस्ता बराच लांबचा. वडिलांना कारण कळेना. सड्याच्या वाटेवर त्यांना आता भलताच रस वाटू लागला होता. भेटेल त्याला ते थडग्यांबद्दल सांगत.

"आणि दगड?" त्यांनी विचारलं. "ठेव की. माझी आता ना नाही."

"इतकी वर्षं कुणाच्या तरी छातीवर दगड ठेवत आले. आता कळल्यावर कशी ठेवू?"

वडिलांनी तिला समजावून पाहिलं. मेलेल्याला ओझं कळत नाही, उलट दगडांमुळेच जागा टिकली, असं म्हणाले. आईने ऐकून घेतलं आणि पिशवी भरली.

आता दोघं मामाकडे वेगवेगळे जातात. ती एसटीने, ते सड्यावरून. बहुधा तेच आधी पोचतात, आणि उन्हातून चालत आल्याबद्दल मामी त्यांना दोन शब्द सुनावते. ते पाणी पितात आणि पडवीत बसून तिची वाट बघतात.