फुकटचा कॅमेरा आणि भाचीचं लग्न

गाडीच्या टेपबरोबर कुणी कॅमेरा फुकट देत असेल, तर घेऊ नये.

मी घेतला. चौसाळ्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानापुढं एक जुनी गाडी. तिचा टेप गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकवायचा. त्यात भाचीचं लग्न गेवराईच्या पुढं, आडबाजूला, नवरदेवाच्या गावी ठरलं. ते गाव मी कधी पाहिलं नव्हतं, आणि नवरीच्या मागं मामा उभा पाहिजेच. मी बायकोला म्हटलं, टेप काढून रस्ता दाखवणारा स्क्रीनच बसवू. फाट्यावर कुणाला तरी विचारणं त्याहून स्वस्त पडेल, असं ती म्हणाली. (इथंच ऐकायला हवं होतं.)

बीडच्या बाजारात मी सगळ्यात स्वस्त स्क्रीन निवडला आणि त्यातही इतकी घासाघीस केली की फिटरनं वैतागून कॅमेरा फुकट दिला. गाडी मागं घेताना मागचं चित्र स्क्रीनवर यावं, अशी त्याची सोय. निघताना फिटर म्हणाला, "काका, रिव्हर्सची तार घावंना. ब्रेकच्या तारंला जोडलाय. चालतंय नव्हं?"

मला तारांतलं काय कळतंय! चालतंय म्हणालो.

लग्नाच्या सकाळी मी, बायको आणि आई निघालो. गुडघे दुखतात म्हणून आई पुढं बसली. हायवेवर स्क्रीनमधली बाई इतकं गोड बोलत होती की आई तिला "बरं बाई, बरं" म्हणत होती. गेवराई मागं पडली, गाडी आत वळली आणि पहिला फाटा आला. मी ब्रेक दाबला. नकाशा गायब, आणि स्क्रीनवर आम्ही आलो तो रस्ता! पाय काढला की नकाशा परत, पण तोवर फाटा मागं. म्हणजे रस्ता बघायचा तर थांबायचं नाही, आणि थांबलं तर रस्ता दिसायचा नाही. मग मी ब्रेक दाबणंच सोडलं. दोन वळणं तशीच घेतली. मागच्या सीटवर बायकोनं देवाचा धावा सुरू केला.

तेवढ्यात बहिणीचा फोन. मुहूर्त जवळ आला होता आणि ती रडकुंडीला आली होती. मी सांगून टाकलं की वेशीतच आहोत. आमच्या दोन्ही बाजूंना नुसता ऊस होता.

पुढं खड्डा आला, पाय ब्रेकवर गेला, आणि स्क्रीनभर भलामोठा ट्रॅक्टर.

"आरं, अंगावर आला की!" आई म्हणाली.

मलाही तो समोरूनच येताना दिसला. काचेतून समोरचा रस्ता रिकामा दिसत होता, पण काचेकडं बघतो कोण? मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी नुकतंच पाणी दिलेल्या गव्हात जाऊन बसली.

ट्रॅक्टर अर्थातच मागून आला. ड्रायव्हर आला नाही म्हणून मालक स्वतःच चालवत होता, पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यांत. तोवर गाडीला धक्का देऊन देऊन मी गुडघ्यापर्यंत चिखलात माखलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गाडी कुटं पळून जात न्हाई," तो म्हणाला. "आदी लगीन गाठू."

आई आणि बायको ट्रॉलीत बसल्या, मी त्याच्या बाजूला. मांडव उतारावर होता. बायको उडी मारून नवरीकडं पळाली. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून त्यानं मला सीटवर बसवून ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि आईला अलगद खाली घेतलं.

मांडवाच्या दारात मामाची वाट बघत उभी असलेली वरपक्षाची मंडळी. नवरीच्या आजीला धरून आणणारा पांढऱ्या कपड्यातला माणूस आणखी कोण असणार? त्यांनी त्याला फेटा बांधला. तो नाही नाही म्हणत होता, पण बँजोपुढं कुणाला ऐकू येतंय? त्याला आत नेलंसुद्धा.

आणि मी ब्रेकवर. पाय उचलला तर ट्रॅक्टर थेट पंगतीत.

एक पोरगा येऊन म्हणाला, "ट्रॅक्टर बाजूला घे बे."

मी मामा आहे म्हणून सांगितलं. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं आणि निघून गेला. आतून मंगलाष्टकं सुरू झाली. जिला खांद्यावर बसवून बाजार फिरवला तिचं लग्न लागत होतं, आणि मी हातात स्टिअरिंग धरून ऐकत होतो.

शेवटी बहीणच शोधत आली. तिनं दोन दगड उचलून चाकाखाली लावले आणि माझं मनगट धरून आत ओढत नेलं. शेवटच्या मंगलाष्टकाला भाचीच्या मागं आम्ही दोघं होतो, तो फेट्यात आणि मी चिखलात. तिनं वळून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

अजूनही तिच्या सासरचं कुणी बाजारात भेटलं, तर मला आधी ट्रॅक्टरचं कसं चाललंय ते विचारतं. मग म्हणतं, "आन् मामा बरे हायत न्हवं? लई भला माणूस."

बरे हायत, असं मी सांगतो.