टँकरवर चढल्याशिवाय सही नाही

तेल कंपनीने घोटाळे शोधणारी ऑडिटची तुकडी उभी करायला मला बोलावलं. हाताखाली दिलेली पोरं हुशार होती, पण सगळी खुर्चीतली. लॅपटॉप उघडला की यांना चोर दिसायला लागायचा. मी सुलतान बाजारात वाढलेली, कापड बोटांत चोळल्याशिवाय भाव न विचारणाऱ्या बायकांमध्ये. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, माल जिथे उतरतो तिथे उभं राहिल्याशिवाय अहवालावर कुणी सही करायची नाही. पोरांनी माना डोलावल्या आणि एसी वाढवला.

पहिलं प्रकरण शहराबाहेरच्या एका डेपोचं. डिझेलची घट येत होती आणि ती नेमकी एकाच बाईच्या पाळीत. टँकर आला की माल पूर्ण मिळाल्याची सही तिची, आणि पाळी संपताना डेपोच्या टाकीत डिझेल कमी. कंपनीने तिला निलंबित केलं होतं. नवरा वारलेला, घर तिच्या पगारावर चाललेलं. सिकंदराबादेत तिच्या गल्लीत लोक एव्हाना तिला उघड चोर म्हणत होते. आमचा अहवाल विरुद्ध गेला की नोकरी कायमची जाणार होती.

पुण्याहून आलेली एक मुलगी आमच्यात सगळ्यात चलाख. तिने मसुदा तयारच ठेवला होता.

"मॅडम, सरळ केस आहे. घट फक्त हिच्याच पाळीत आहे."

"तिला भेटलीस?"

"डेटा बघितला ना."

माझं डोकंच फिरलं. "कुणाच्या तोंडचा घास काढायला निघालीस, निदान तिचं तोंड तरी बघून ये," म्हटलं आणि तिला घेऊन त्या बाईच्या घरी गेले.

बाई माझ्यासारखीच, पिढ्यान्‌पिढ्या इथली मराठी. रडली नाही. टँकरमधलं डिझेल कसं मोजता, असं विचारलं, तर सरळ सांगितलं, "मी वर चढत नाही हो मॅडम. शिडी उभी, अंगावर साडी. ड्रायव्हर लोकं चांगले आहेत. म्हणतात, 'आप कायकू चढते अम्मा.' तेच काठी बुडवतात, खाली आणून दाखवतात. ओल जिथवर, तो आकडा मी लिहिते."

"काठी कुणाची?"

"टँकरसोबत असते ती."

"आणि पुरुषांच्या पाळीत?"

"ते डेपोची काठी घेऊन स्वतः चढतात."

आमच्या पुण्याच्या मुलीचं लिहिणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी न कळवता डेपोत गेलो. बाईच्या पाळीत डिझेल आणणाऱ्या वाहतूकदाराचाच एक टँकर नुकताच लागला होता. मुलीला वर चढवलं आणि टँकरची अन् डेपोची, दोन्ही काठ्या त्या टँकरमध्येच बुडवायला लावल्या. टँकरच्या काठीवर बोटभर जास्त डिझेल दिसत होतं. काठी खालून कापून पितळेचं टोक पुन्हा बेमालूम बसवलेलं, म्हणजे सगळे आकडे बोटभर खाली सरकलेले. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. मला संताप आवरेना. वाटेत डिझेल काढून घ्यायचे आणि इथे बाईला मान देऊन देऊन लुटत होते ते.

अहवालात मी आणखी एक गोष्ट लिहिली. टँकर लागतो तिथे नीट जिना बांधून द्या, असं बाईने वरिष्ठांकडे मागितलं होतं आणि 'काम चाललंय ना' म्हणून तिला वाटेला लावलं होतं. ते वाक्य काढा, असा मला निरोप आला. वाक्य गेलं तर सहीही जाईल, असा उलट निरोप मी पाठवला. वाक्य राहिलं. जिना झाला. बाई कामावर परत आली.

आमची मुलगी तिची माफी मागायला डेपोच्या ऑफिसात गेली, तर बाई म्हणाली, "इथे नको. मला चोर म्हणाले ते बाहेर, गाड्यांपाशी. तिथे चल." मुलीचे कान लाल झाले, पण गेली. ड्रायव्हर, हमाल, पाळीतले लोक, सगळ्यांसमोर मोडक्यातोडक्या हिंदीत खणखणीत बोलली की या बाईंनी चोरी केलेली नाही, चूक आमची होती. मला त्या पोरीचा अभिमान वाटला, आणि आता ही तुकडी उभी राहिली याची खात्रीही पटली.

तेवढ्यात एक टँकर आत आला. ड्रायव्हर उतरला, हात पुढे करून म्हणाला, "ठैरो अम्मा, मैं देख के आतूं."

बाईने पदर खोचला आणि डेपोची काठी उचलली.

"तुम ठैरो नीचे," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.