करंट आत्या आणि मोरपंखी गाडी

करंट आत्याला चिडवायला फार अक्कल लागत नाही. तिच्या शेडसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "आत्या, वायरिंगच खराब असेल बघ." मी हे अधूनमधून म्हणतो. माझं चाव्यांचं दुकान तिच्या बरोबर समोर आहे, गिऱ्हाईक बेताचंच, आणि जिभेला काहीतरी काम हवंच की.

मग आत्या हातातली पक्कड माझ्यावर रोखते. "चावीवाले, वायर कधी खराब नसते. माणसं खराब असतात!"

असं म्हणायचा तिला हक्क आहे. तरुणपणी ती मोटारींच्या वायरी बांधायच्या कारखान्यात होती. लांबलचक टेबल, त्यावर खिळे ठोकलेले. त्या खिळ्यांमधून रंगीबेरंगी वायरी ओढत न्यायच्या, जागोजागी त्यांना फांद्या फोडायच्या आणि वरून काळी टेप गुंडाळायची. एका छोट्या गाडीचं वायरिंग तिच्या हाताखालून इतकं गेलं, की ते टेबल तिच्या डोक्यात कायमचं मांडून राहिलं. पुढे कारखाना बंद पडला, ती गाडीही निघायची बंद झाली, पण आत्या आजही डोळे मिटून सांगते, डाव्या दिव्याची वायर कुठून वळते आणि कुठे टेकते. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही याच्या गल्लीत बऱ्याच हकिकती आहेत. त्यातल्या निम्म्याअधिक मीच पसरवलेल्या आहेत, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

शेड दोघांची. अर्ध्यात आत्या दिवे आणि वायरी बघते, अर्ध्यात तिचा धाकटा भाऊ गाड्या रंगवतो. गल्ली त्याला रंगराव म्हणते, आणि तो त्यावर खूश आहे. दोघांच्या मधोमध जमिनीवर पिवळा पट्टा ओढलाय. आत्याने एकदा ग्रीसचा हात ओल्या बॉनेटवर टेकवला होता, त्याच्या आधी रंगरावाने एक अख्खा हॉर्न रंगवून मुका करून टाकला होता. मग तह झाला: एकमेकांच्या कामाला बोट लावायचं नाही, त्याकडे बघायचं नाही आणि मत तर अजिबात द्यायचं नाही. दोन देशांच्या सीमेवर पाळत नसतील इतक्या कडकपणे हा तह पाळला जायचा.

या तहात सापडली रंगरावाची बायको. बाई मोठी धडाडीची. दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वर्षानुवर्षं शिकवून कंटाळली आणि तिने ठरवलं, आता स्वतःचा क्लास, फक्त बायकांसाठी. त्यासाठी एक जुनी छोटी गाडी घेतली. कोणती? आत्याने बांधलेल्या वायरींचीच! गाडी दारात आली तेव्हा आत्याने बॉनेट उघडलं आणि आतल्या वायरींच्या जुडग्यावरून असा हात फिरवला, जसा माहेरी आलेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवतात.

मग काय विचारता! रंगरावाने गाडी पार सोलली. दिवे काढले, बंपर काढला, आणि बायकोसाठी म्हणून असा मोरपंखी रंग चढवला की समोरून जाणारा माणूस पाय घसरून थांबावा. आत्याने दिवे परत बसवले. आता राहिली आरटीओची तपासणी. गाडी पास झाली तर क्लासचा परवाना. नापास झाली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि तोवर नाव घातलेल्या बायका काय हिच्यासाठी ताटकळत बसणार होत्या? जुन्या स्कूलच्या मालकाने तर बोलूनही दाखवलं होतं, "येईल परत. जाऊन जाऊन जाते कुठे?"

तपासणीच्या दिवशी सकाळी दिवे एकदा लावून बघावेत म्हणून मला गाडीच्या मागे उभं केलं. कोणता दिवा लागला ते ओरडून सांगायचं, एवढंच माझं काम.

"ब्रेक दाबते हं काका!" रंगरावाची बायको आतून म्हणाली.

"इंडिकेटर लागला!"

"काका, मी ब्रेक म्हणतेय!"

"मग मी काय करू? मला इंडिकेटर दिसतोय!"

"बरं, आता उजवा इंडिकेटर."

उजवा दिला तर मागचे सगळेच दिवे एकदम डोळे मारायला लागले. या वयात माझ्याकडे बघून इतक्या जणांनी एकदम डोळे मारण्याची ती पहिलीच वेळ. पुढे जाऊन पाहिलं तर हेडलाइट ताप आलेल्याच्या डोळ्यांसारखे पिवळट, मिणमिणते.

आत्या धावत आली. बॅटरी मोजली, ठणठणीत. एकेक फ्यूज उपसून उजेडाकडे धरला, सगळे शाबूत. बल्ब बदलून पाहिले, नवे बल्बही तसेच वेडे. मग तिने स्टेअरिंगखालचा स्विच उघडला, पुसला, परत बसवला. काही फरक नाही. नाकाच्या शेंड्यावर घाम, कानामागे स्क्रूड्रायव्हर, आणि तोंडाने त्या गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार.

पट्ट्याच्या पलीकडून रंगराव गोड आवाजात म्हणाला, "ताई, वायरिंग तर नसेल ना?"

"तू तिकडेच राहा! हे वायरिंग माझ्या हातचं आहे!"

मला हसू आवरेना, पण गाडीत बसलेल्या बाईकडे पाहिलं आणि आवरलं. ती स्टेअरिंग धरून नुसती समोर बघत होती. नवी साडी नेसून आली होती, साहेबांसमोर नीट दिसावं म्हणून. निघायची वेळ होत आली होती.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "खरं सांगा. आज होत नाही ना?"

आत्याने हातातली पक्कड खाली ठेवली. आत्याने! मी दोन पावलं पुढेच सरकलो.

"बरं, मला एवढंच समजावा," बाई खाली उतरली. शिकवणारी बाई ती, तिला मुळापासून लागतं. "वायरी चांगल्या आहेत. करंट बल्बपर्यंत जातो. पुढे कुठे जातो?"

"परत बॅटरीकडे. गाडीच्या पत्र्यातून. दिव्यापासची काळी वायर पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तिथून."

"तो बोल्ट सैल असेल?"

"मी स्वतः आवळलाय!"

"आणि बोल्टाच्या खाली काय आहे?"

"खाली काय असणार, पत्रा..." आत्या बोलता बोलता थांबली. मग तिने मान वळवली, अगदी सावकाश, पट्ट्याच्या पलीकडे. "काय रे, आतून पण रंग दिलास?"

"म्हणजे काय!" रंगरावाची छाती फुगली. "आतून, बाहेरून, कानाकोपऱ्यात! टाचणीच्या टोकाएवढी जागा सोडली नाही!"

आत्याने डिकीतून हात घालून एक लांब वायर दिव्याच्या काळ्या वायरीला जोडली, दुसरं टोक घेऊन पुढे धावली आणि बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवलं.

"बस आत, दाब ब्रेक!"

"लाल!" मी मागून किंचाळलो. "लाल लागला! लालभडक! इंडिकेटर गप्प!"

"रंगावर आवळलाय गं मी बोल्ट!" आत्याने कपाळावर हात मारला. "रंगातून करंट जात नाही, त्याला परतीची वाटच नाही! मग तो बिचारा शेजारच्या बल्बमधून घुसून घुसून घरी जातोय!"

"मला सांगायचं नाहीस, इथली जागा सोड म्हणून?" रंगराव.

"तुला विचारता आलं नाही?"

"तुझ्या कामात तोंड घालायचं नाही असं ठरलंय ना?"

"मग तुझ्या कामाकडे बघायचं नाही असंही ठरलंय! म्हणून बघितलं नाही!"

"तुमचं दोघांचं ठरलंय," बाई कडाडली, "आणि घर माझं बुडतंय! अहो, आता खरवडा!"

आत्याने कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढला. रंगराव असा ओरडला की जणू त्याच्याच पाठीवर चालवणार होती. "थांब! तुझा हात दगडासारखा आहे! मी खरवडतो!"

आणि पॉलिश पेपर घेऊन गडी पट्टा ओलांडून आला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं! आत्या बोल्ट काढायची, हा गुडघ्यावर बसून वॉशरएवढा गोल पत्रा उघडा करायचा, तोही इतका रेखीव की कंपासने काढल्यासारखा. प्रत्येक गोलाला "गेला, गेला माझा रंग" म्हणून उसासा. पुढचे दोन दिवे, मागचे दोन, आणि बॅटरीची जाड पट्टी बॉडीला लागते ती जागा. शेवटच्या गोलाला आत्याने चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "छान काढलास रे." तहाचं कलम मोडून मत दिलं!

हेडलाइट लागले तेव्हा समोरच्या भिंतीवर पांढरा लख्ख उजेड पडला, भर दिवसा. आम्ही चौघंही त्याच गाडीत कोंबून निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मागची सीट मोकळी होती.

तपासणीला एक गंभीर साहेब. "लाइट." लागले. "डिपर." झाला. "डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स." एकेक दिवा शहाण्या मुलासारखा नाव घेतल्यावर उभा राहिला. आत्या ओठ हलवून प्रत्येक वायरीचा रंग पुटपुटत होती. बाईच्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटेल असा तिने ब्रेक दाबला होता.

साहेबांनी गाडीला फेरी मारली, बॉनेटवर बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच हसले. "रंग कोणी दिलाय हो? काय सुंदर काम आहे! पास."

रंगराव वाऱ्यावर चालायला लागला. आत्याला राहवेना. "साहेब, आणि दिवे?"

"दिव्यांचं काय? दिवे लागायलाच हवेत."

आत्याचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. तिला चिडवायला माझ्याकडे आता नवं वाक्य आहे, आणि ते जुन्याहून शंभरपट भारी आहे.

परतताना रस्ता सरळसोट, आणि बाईचा डावा इंडिकेटर टकटक चाललेला. मग उजवा. मग परत डावा.

"अगं, वळायचंय कुठे तुला?" आत्या मागून खेकसली.

"कुठेच नाही, वन्सं!" ती आरशातून हसत म्हणाली. "माझी गाडी आहे, मला बघायचंय!"