मागच्या रांगेतला सूर

लाखनीतल्या आमच्या समूहगान मंडळाची नियमावली मी लिहिली आहे. निवृत्त होईपर्यंत सरकारी कचेरीत कारकुनी केली, म्हणून मंडळात मला सगळे बाबूजीच म्हणतात, आणि लिहायचं काही आलं की कागद आपोआप माझ्यापुढे सरकतो. मंडळाची नोंदणी करायचं ठरलं तेव्हाही तसंच झालं. तोवर आम्ही तीस-पस्तीस जण पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात, गणपतीत, कुणाचा सत्कार असला तर तिथे, उभं राहून गाणी म्हणायचो. नोंदणी म्हटली की कार्यकारिणी आली, आणि कार्यकारिणी म्हटल्याबरोबर गावातले एक पुढारी अध्यक्ष व्हायला तयार होऊन बसले. गाण्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. लेटरहेडवर नाव हवं होतं. तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून मी कलम सात लिहिलं: कार्यकारिणीचा प्रत्येक सदस्य हा गाणारा सदस्य असला पाहिजे. पुढारी एका रविवारी सरावाला आले, तीन गाणी उभे राहिले, पाय दुखतात म्हणाले आणि गेले ते परत फिरकले नाहीत. त्या कलमाचा मला फार अभिमान होता.

मग आम्ही पाच जण निवडून आलो. निवडून म्हणजे बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि आमच्या वर राहिल्या. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. उपाध्यक्ष कापड दुकानदार भाऊ. घर मूळचं विणकरांचं, दुकानात कापड मोजतानाही त्यांचं गुणगुणणं चालू असतं. खजिनदार म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. सहसचिव धानाची शेती करणारे काका. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ते सासुरवाडीच्या आधारानं इकडे येऊन राहिले. काका सभेत अवाक्षर बोलत नसत, पण गायला लागले की बाकीचे आपला आवाज बारीक करून त्यांचा ऐकत. आणि सचिव मी. सचिवाचं काम म्हणजे शाळेतून वर्गाची किल्ली आणणं, बाकं सरकवणं, पेटी उचलणं, पस्तीस जणांना फोन करणं, चहा सांगणं आणि सभेचं इतिवृत्त लिहिणं. गाणं उरलेल्या वेळात.

सरावाचा वर्ग हायवेला लागून होता. दर दोन मिनिटांनी ट्रक हॉर्न वाजवत जायचा आणि आमच्या गाण्यात कुठला तरी सूर वाकडा लागायचा. कुणी काही बोललं की गुरुजी खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचे, ट्रक होता. दोन वर्षं आम्ही सगळा दोष ट्रकांवर टाकला. गुरुजींची शिकवायची पद्धतही सोपी होती: मोठ्यानं म्हणा.

तिसऱ्या वर्षी भंडाऱ्याहून मॅडम आल्या. त्या रीतसर शिकलेल्या. त्यांनी आमच्या रांगा पाडल्या, वरचा सूर पुढच्या बायांना दिला, खालचा मागच्या पुरुषांना, आणि पहिल्याच महिन्यात सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. गाणं झालं. खिडक्या बंद होत्या, ट्रक ऐकू येत नव्हते, आणि वाकडा सूर जागच्या जागी होता.

त्याच सुमारास भंडाऱ्याच्या एका मोठ्या कार्यक्रमाचं आम्हाला बोलावणं आलं. मॅडमनी त्यासाठी धान रोवतानाचं, रोवणीचं गाणं स्वतः बांधलं, आणि मग कार्यकारिणीला थांबवून घेतलं. त्या म्हणाल्या की मागच्या रांगेत एक आवाज आहे, तो सुरात येतच नाही, आणि तो असा राहिला तर भंडाऱ्याला जाऊन आपलं हसं होईल. कोण ते आम्ही विचारलं. त्यांनी पेटीचा भाता लावला, पेटी बंद केली आणि शांतपणे सांगितलं, "आवाज तुमच्या पाच जणांतलाच आहे, पण मी नाव घेणार नाही. तुम्ही सगळे मोठी माणसं आहात. ज्याचं त्यानं ओळखावं."

त्या गेल्यावर आम्ही पाच जण मुलांच्या बाकांवर अवघडून बसलो. सिस्टर तर पुढच्या रांगेतल्या, त्या सुटल्या. काकांचा प्रश्नच नव्हता. भाऊंचा आवाज नाकातून येतो, पण येतो ठिकाणावर. राहिले गुरुजी. मी मनाशी हिशेब केला आणि मला त्यांची फार दया आली. चाळीस वर्षं मुलांवर ओरडून आवाज फाटला होता बिचाऱ्यांचा. मी वही मिटली आणि म्हणालो, "कोण ते माझ्या लक्षात आलंय. तुम्ही कुणी वाईट वाटून घेऊ नका. मी बघतो काय करायचं ते."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबूजी, याला मोठं मन लागतं." मला वाटलं, त्यांनीही ओळखलं. मी म्हटलं की गुरुजी, मोठं मन तुमचं. ते जरा चक्रावल्यासारखे दिसले, पण मी ते संकोचावर ढकललं.

पुढच्या रविवारी सरावाला गुरुजी हजर. मीही हजर. त्यांची उणीव झाकावी म्हणून मी नेहमीपेक्षा मोठ्यानं गायलो. भाऊ माझ्याकडे वळून वळून बघत होते. मॅडमनी गाणं चार वेळा थांबवलं आणि पाचव्यांदा डोकं दुखतंय म्हणून सराव संपवला.

त्या आठवड्यात कार्यकारिणीची एक सभा माझ्याशिवाय झाली, हे मला नंतर कळलं. इतिवृत्त लिहायला कुणी नसल्यामुळे तिची कुठे नोंद नाही. पण परिणाम लगेच दिसू लागले. भाऊ दुकानातून हाक मारून म्हणाले की भंडाऱ्याला पडद्यामागे एक जबाबदार माणूस लागेल, तुमच्याइतका जबाबदार दुसरा नाही. मी म्हटलं, मी गायला उभा राहणार, पडद्याचं बघायला कुणी दुसरा शोधू. सिस्टर घरी आल्या, माझा रक्तदाब पाहिला, आणि जाता जाता कान तपासून घ्या म्हणाल्या, या वयात सगळ्यांनीच तपासावेत. मी तपासून घेतले. कान उत्तम निघाले. ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

शेवटी मीच गुरुजींकडे गेलो. म्हटलं, किती दिवस टाळायचं. त्यांनी पोहे मागवले. मी सुरुवात केली की आवाज हे यंत्र आहे, त्याला विश्रांती लागते. ते म्हणाले, अगदी माझ्या मनातलं बोललात. मी म्हटलं, एखाद्या कार्यक्रमात नाही गायलं तर काही बिघडत नाही. ते म्हणाले, उलट शोभून दिसतं. मी म्हटलं, पद आहे, मान आहे, तो कुठे जात नाही. ते म्हणाले, मुळीच जात नाही. इतक्या समजूतदारपणे दोन माणसं क्वचित बोलली असतील. निघताना त्यांनी मला ज्येष्ठमधाची पुडी दिली. मला वाटलं, आता गायचं नाही म्हणून बिचारे पुडी मला देऊन मोकळे झाले. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, काम झालं. ती भाजी निवडत राहिली.

रविवारी मी शाळेत पोचलो तर गुरुजी मागच्या रांगेत, आपल्या जागेवर, नवा सदरा घालून. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पाहून नेमकं तेच आश्चर्य, जे माझ्या चेहऱ्यावर होतं.

सराव झाल्यावर मी पेटी उचलली तर दुसऱ्या बाजूनं काकांनी हात लावला. आम्ही ती कपाटापर्यंत नेली. ठेवली. काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाबूजी, एक गोष्ट सांगू का? राग नका मानू."

मी म्हटलं, सांगा.

"तो आवाज तुमचा हाय जी."

काका जमिनीकडे बघत सावकाश बोलत होते. मी तीन वर्षं त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो, पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. गुरुजींना मला सांगायला बसवलं होतं, त्यांच्यानं झालं नाही. भाऊंच्यानं झालं नाही. सिस्टर तर रडून परत आल्या. "सारं तुमीच करून राहिले जी मंडळाचं. तुमाले कोन सांगन?" मग बहुधा मला बरं वाटावं म्हणून ते पुढे म्हणाले, "पन माहा फायदाच झाला. तुमच्या बाजूले उभं राहून जो सुरात राहू शकते, त्याले जगात कोनी हलवू शकत नाही."

घरी येताना मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. बायकोला विचारलं की मी बेसूर गातो का. तिनं हातातलं काम ठेवलं. "मले तं लग्नाच्या आधीपासून मालूम हाय," ती म्हणाली. साखरपुड्यात मी एक गाणं म्हटलं होतं, ते संपल्यावर तिच्या वडिलांनी तिला आत बोलावून विचारलं होतं की तुझा विचार पक्का आहे ना. मी म्हटलं, मग एवढ्या वर्षांत सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, तुम्ही गाता तेव्हा खूश दिसता, म्हणून.

मोबाईलवर मी माझं गाणं टेप केलं आणि गच्चीवर जाऊन ऐकलं. एक कडवं ऐकलं. लोखंडी पलंग फरशीवरून ओढावा तसा तो आवाज होता. चांगल्या मनानं, पण ओढलेला. ते बंद करून मी बराच वेळ पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो. लाज वाटत होती. जास्त लाज गुरुजींच्या घरी पोहे खाऊन आलो त्याची.

दुसऱ्या दिवशी मी कलम सातचा हवाला देऊन राजीनामा लिहिला. मी गाणारा सदस्य नाही, सबब कार्यकारिणीत राहू शकत नाही. स्वतःच बैठक बोलावली, स्वतःच किल्ली आणली, बाकं सरकवली आणि कागद गुरुजींच्या पुढे ठेवला. त्यांनी वाचला, भाऊंना दिला. सिस्टरांनी चष्मा पुसला. पहिला प्रश्न भाऊंनी विचारला: मग किल्ली कोण आणेल? त्यावर सगळ्यांना अचानक आपापली दुखणी आठवली. भाऊंची कंबर, सिस्टरांचे गुडघे, काकांची रोवणी. कलम बदलावं तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागणार, आणि सर्वसाधारण सभेला पुढारी येणार, कारण त्यांचं सदस्यत्व अजून चालू होतं.

गुरुजींनी नियमावली मागितली. मुख्याध्यापक होते ते, मराठी शिकवलेलं. कलम सात त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. "यात 'गाणारा' असं आहे," ते म्हणाले. "धातूला 'णारा' लागला की क्रिया करणारा. सुरात करणारा, असं कुठे लिहिलेलं नाही."

माझ्या मसुद्यातली ती त्रुटी होती. मी तसं प्रांजळपणे सांगितलं. पण मॅडम कोपऱ्यात बसून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या की व्याकरण ठीक आहे, भंडाऱ्याचं काय? तेव्हा काका, जे कधी सभेत बोलले नव्हते, ते म्हणाले, "एखादा तरी सूर असनच ना मॅडम, जो बाबूजीचा बराबर लागते. तेवढा द्या त्यायले."

मॅडमनी मला पेटीजवळ बसवलं. म्हणाल्या, सा लावा. मी लावला. त्यांनी पेटीवर तो शोधायला सुरुवात केली. त्या एका पट्टीवर बोट ठेवीपर्यंत मी दुसरीवर गेलेला असे. अर्धा तास असा गेला, कुणी हसलं नाही, हे मी विसरणार नाही. मग त्यांनी मला खाली, आणखी खाली न्यायला सुरुवात केली, आणि छातीच्या पार तळाशी एका ठिकाणी माझा आवाज बसला. त्यांनी पेटी थांबवली, पुन्हा वाजवली. आवाज तिथेच. "इथे तुम्ही हलत नाही," त्या नवलानं म्हणाल्या. रोवणीच्या गाण्यात शेवटच्या कडव्याखाली मागच्या रांगेनं एक लांब 'हो' धरायचा होता. तो नेमका त्याच सुरावर होता. बाकी गाणंभर मी ओठ हलवायचे, ठरलं. इतिवृत्तात मी ते 'भूमिका निश्चित करण्यात आली' असं लिहिलं.

त्या 'हो'चा मी तीन आठवडे सराव केला. आंघोळीला, बाजारात, बँकेच्या रांगेत. बायको म्हणाली, शेजारचे विचारतात की बाबूजी फोनवर कुणाला एवढं हो हो म्हणतात.

भंडाऱ्याचं सभागृह भरलेलं होतं. मी काकांच्या शेजारी, हात बांधून. गाणं सुरू झालं आणि पहिल्यांदा मला आमचं गाणं ऐकू आलं, कारण पहिल्यांदा मी त्यात नव्हतो. बायांचे आवाज वर गेले, काकांचा खालून आला, आणि मला समजलं की तीन वर्षं मी कशाच्या मध्ये उभा होतो. मग शेवटचं कडवं आलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि 'हो' धरला. तो बसला. पायाखालच्या फळ्यांपर्यंत गेला तो. मॅडमनी मूठ मिटली, सगळे थांबले, पण माझे डोळे मिटलेले होते. सगळं सभागृह शांत आणि त्यात माझा एकट्याचा 'हो', काकांनी कोपरानं ढोसेपर्यंत चालला.

मी डोळे उघडले तेव्हा मॅडमचा हात अजून हवेत होता. आता काय होतं म्हणून मी घाबरलो. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. नंतर दोन जाणकार गृहस्थ मॅडमना भेटून गेले, शेवटची ती एकट्या आवाजाची कल्पना फारच सुंदर होती म्हणाले. मॅडमनी त्यांचे आभार मानले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं. तेव्हापासून तो 'हो' गाण्यात तसाच ठेवला आहे.

परत येताना कारध्याच्या पुलावर गाडीत सगळ्यांनी पुन्हा गाणी सुरू केली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, हारतुऱ्यांची पिशवी मांडीवर. ड्रायव्हर म्हणाला, "तुमी नाही गाऊन राहिले जी?"

"माह्यं झालं," मी म्हटलं आणि खिडकी थोडी उघडली.